गरज विचारत फिरणारी जीप

नागपूरहून कोल्हापूरला रेल्वेने जायचं म्हणजे महाराष्ट्र या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकीतून वाचत जायचं. विमानाने गेले असते तर लवकर पोचले असते, पण सांगण्यासारखं काही उरलं नसतं, आणि माझा तर धंदाच सांगण्याचा. सत्कार, मैफली, शाळांची स्नेहसंमेलनं, जिथे माइक असेल तिथे मी निवेदन करते. माइक नसला तरी करते, असं घरचे म्हणतात.

या वेळचं बोलावणं मात्र वेगळं होतं. माझी कॉलेजातली मैत्रीण विजया लग्न होऊन कोल्हापूरला गेली, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि एका निधीची विश्वस्त आहे. हा निधी कुणा एका शेठजींचा नाही. दुकानदार, डॉक्टर, दुधाच्या संस्थांतले सभासद, परदेशी गेलेली मुलं, अशा सगळ्यांनी थोडं थोडं घालून जिल्ह्यासाठी पैसा ठेवलाय. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज वाटायचं. आणि ते कशाकशाला वाटायचं, हे दर पाच वर्षांनी एकदा बसून ठरवायचं.

"त्या सभेची अध्यक्ष तू हो," विजया फोनवर म्हणाली.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. इथल्या कुणालाही अध्यक्ष केलं की तो कुणाचा तरी मामा निघतो."

सभेआधी चार दिवस ये, म्हणजे आमच्याबरोबर गावं फिरशील, असंही तिने सांगितलं. माझी बॅग तोवर अर्धी भरून झाली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी हातकणंगल्याच्या जवळ आली आणि खिडकीत नुसता ऊस. ऊस संपला की पुन्हा ऊस. समोरच्या बाकावर मिरजेला चढलेले एक पैलवानी बांध्याचे गृहस्थ होते. त्यांनी मला न्याहाळून घेतलं.

"पावणं (पाहुणे, इथे अनोळखी माणसाला अशीच हाक मारतात), कुठनं आलासा?"

"नागपूर."

"आयला. मग संत्री आनलीसा की न्हाय?"

मी पिशवी उघडली. त्यांनी एक संत्रं सोलून तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि निकाल दिला. "ग्वाड हाय. पन आमच्या उसागत न्हाय."

निधीच्या सभेला चाललेय म्हटल्यावर ते सावरून बसले. "त्या निधीवाल्यास्नी सांगा, आमच्या गावाला कमान पायजे. फाट्यावर. मोठी." दोन्ही हात पसरून त्यांनी कमानीचा आकार दाखवला आणि शेजारच्या बाईंची पर्स खाली पाडली.

स्टेशनवर विजया होती. मला मिठी मारून म्हणाली, "चल, मी रिक्षा ठरवतो." मी थबकले. नागपूरची ही नाजूक मुलगी, आणि ठरवतो? इथल्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच बोलतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण विजयाच्या तोंडून ते ऐकताना वाटलं, हिने इथे आल्यावर फेटाच बांधून घेतलाय. तिसऱ्या दिवशी मीही "मी येतो" म्हणायला लागले आणि मला फार मोकळं वाटलं.

तिचं घर मंगळवार पेठेत. संध्याकाळी ती मला दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला चार-पाच म्हशी बांधलेल्या, आणि गवळी तुमच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून देतो. पेला हातात येतो तेव्हा कोमट असतो आणि वर बोटभर फेस. मी तो ओठाला लावला तेवढ्यात माझ्यामागच्या म्हशीने शेपटी फिरवली आणि माझ्या नव्या इंदुरी साडीवर पाठभर सही केली.

"लागली पाठीला? शुभ असतंय," मागून आवाज आला. "आमच्यात शालीच्या आदी ह्येच."

हे बापू. निधीचे मुख्य विश्वस्त. पत्र्याच्या आणि सिमेंटच्या दुकानाचे मालक, तरुणपणी तालमीत नाव काढलेले, आता पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. त्यांनी उभ्याउभ्या दोन पेले संपवले आणि मिशा पुसत मला कामाची पद्धत समजावली.

"आमी हापिसात बसून ठरवत न्हाय. जीप काढतो. गावोगाव जातो. देवळात बसतो, इचारतो, काय पायजे तुमाला? लोकं सांगत्यात, आमी ऐकतो. ह्यापरास सरळ काय असनार?"

मला ते फार आवडलं. दूध प्यायलेल्या माणसाला सगळंच आवडतं.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. पुढे बापू, मध्ये विजया आणि मी, आणि मागच्या आडव्या बाकावर एक शांत बाई, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, मांडीवर स्टीलचा डबा. विजयाने ओळख करून दिली. या महादेवी अक्का, सीमेकडच्या. त्यांच्या हाताखाली आठ-दहा बायका आहेत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्या त्यांना आंघोळ घालतात, कूस बदलतात, पाठीला जखमा होऊ देत नाहीत. निधीने हे काम प्रायोगिक म्हणून चालवलं होतं. आता प्रयोगाची मुदत संपत होती. पुढच्या पाच वर्षांच्या विषयांत ते बसलं तर चालणार, नाही बसलं तर बंद.

"बसेल ना?" मी विचारलं.

अक्का हसल्या. "गावानं मागितलं तर बसंल."

पहिला मुक्काम गडमुडशिंगी. जीप थांबायच्या आत हलगी वाजायला लागली. आम्हाला ओळीने उभं करून फेटे बांधले. माझा फेटा बांधणाऱ्याने इतक्या प्रेमाने आवळला की माझ्या भुवया वर गेल्या त्या जेवणापर्यंत खाली आल्याच नाहीत, त्यामुळे मी प्रत्येक भाषण थक्क होऊन ऐकतेय असा सगळ्यांचा समज झाला. मग देवळाच्या मंडपात बैठक. पुढे पुरुष, मागे खांबांच्या आड बायका.

बापूंनी विचारलं, "बोला. काय कमी हाय गावात?"

मग एक वयस्कर गृहस्थ उठले. "कमी काय बी न्हाय. दूध हाय, ऊस हाय, पोरं शिकाय लागल्यात. पावण्यांनी आदी जेवून घ्यावं."

"तरी पन?"

"तरी म्हनजे कमान व्हावी."

"आन म्याट," मागून एक तरुण म्हणाला. म्हणजे कुस्तीची गादी. आता मातीबरोबर गादीवरही सराव लागतो.

मग जेवण. तांबडा, पांढरा (लाल आणि नारळाच्या दुधाचा, असे दोन रस्से), सुकं मटण आणि वाढणाऱ्यांची अशी फळी की नको म्हणायला तोंड उघडलं तर त्यात घास येईल. अक्का मांसाहार करत नाहीत. ओसरीवर बसून त्यांनी आपला डबा सोडला. खांबाआडच्या दोघी-तिघी बायका त्यांच्याजवळून जाताना पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने वाकत आणि काहीतरी पुटपुटत. अक्का मान हलवत. मी बघितलं, पण तेव्हा मी पांढऱ्यात होते.

पुढची गावंही अशीच. फेटा, नारळ, कमी काही नाही, कमान, गादी. नदीकाठच्या गावांनी पुरासाठी होड्या मागितल्या, ते मला पटलं. पण घरात अंथरुणावर असलेल्या माणसाबद्दल चकार शब्द नाही, एकाही गावात.

जीपमध्ये बापू म्हणाले, "अक्का, बगितलासा न्हवं? कोन मागतंय?"

अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "व्हय. कोन मागतंय."

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी, बापू दुकानात गेलेले बघून, त्या मला म्हणाल्या, "तुमी सभेला मदी बसनार. एक घर बगून घेतासा?" गाव कुठलं ते मी सांगणार नाही. हातकणंगले रस्त्याला एसटीतून उतरलो. घराचं पुढचं दार बंद होतं. अक्का मला घराला वळसा घालून, गोठ्याच्या कडेने मागच्या दाराशी घेऊन गेल्या. दार आतून आधीच लोटून ठेवलेलं होतं.

आत कॉटवर एक म्हातारी. अक्कांनी हाक मारली, "अव्वा (कानडीत आई), आलो की." म्हातारीचे डोळे हलले. मग पुढचा बराच वेळ मी जे बघितलं त्यात सांगण्यासारखं नाट्य काहीच नव्हतं. कोमट पाणी, मऊ फडकं, एक हात, मग दुसरा. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर. पाठीला पावडर. केस विंचरून दोन बोटांएवढी वेणी. बोलणं चालूच. काल कुणाच्या म्हशीला काय झालं, ऊसतोड कधी.

घरातली सून चाळिशीची असेल. तिने आम्हाला आत घेतलं, पाणी तापवून दिलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डोकं टेकून तिथेच फरशीवर आडवी झाली. मला वाटलं चक्कर आली. मी उठले तर अक्कांनी खूण केली, राहू द्या. ती झोपली होती. म्हातारीची वेणी होईपर्यंत ती गाढ झोपली आणि हाक न मारता उठली.

निघताना माझा हात धरून म्हणाली, "कुनाला सांगू नगासा. गाव म्हनंल, सासूला धुवाय भाड्याची बाई आनली. नवऱ्याची मान खाली जाईल."

परत येताना एसटीत मी अक्कांना म्हटलं, "अहो, मग ही देवळात कशी मागणार?"

"न्हाईच मागनार," अक्का म्हणाल्या. "पावण्यांपुढं कोन आपलं उघडं करून दाखवतंय? पावण्यांपुढं कमानच मागत्यात."

"तुम्ही सांगा मग. घरांची नावं सांगा."

"सबूद दिलाय. नाव सांगितलं की मागलं दार बी बंद हुतंय."

सभा मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या सभागृहात होती. भिंतीवर जुन्या मल्लांचे फोटो, सगळे अध्यक्षांकडे दंड फुगवून बघताहेत. गावोगावचे प्रतिनिधी आले होते. स्वयंपाकाची देखरेख बापूंच्या पत्नी मंगलवैनी करत होत्या, आणि मागच्या खोलीतून येणाऱ्या वासामुळे पहिल्या भाषणापासूनच सभेचं लक्ष उडालेलं होतं. नियम साधा. आलेले सगळे बोलणार, मग पुढच्या पाच वर्षांसाठी दोन विषय निवडायचे. बाकीच्यांना नमस्कार.

होड्यांवर कुणाचं दुमत नव्हतं. एक जागा गेली. उरलेल्या एका जागेसाठी कमानवाले आणि गादीवाले भिडले, आणि गादीवाले वजनाने भारी पडत होते. मी नावं पुकारत होते, वेळ संपली की घंटी वाजवत होते, कुणी ऐकत नव्हतं.

मग अक्का उठल्या. माइक त्यांनी बाजूला केला.

"मी एकाचं बी नाव सांगनार न्हाय. पन घरं हाईत. ह्या सभेतल्या गावांतच हाईत. काम थांबलं तर माझ्या बायका ऊस भांगलाय (खुरपून तण काढायला) जातील, आन ती मान्सं हायत तशी कॉटवर ऱ्हातील. एवढंच."

बसल्या. बापू उठले. आवाजात राग नव्हता, उलट माया होती.

"अक्का, तुमच्यावर इस्वास हाय. पन पाच वर्सं बांधून घ्यायची म्हंजी काय तरी दिसाय नगं? होडी दिसती. गादी दिसती. तुमचं कोन दिसतंय? आमी सगळी गावं फिरलो, एकानं मागितलं न्हाय. एक घर दाखवा."

मला एक घर माहीत होतं. मी अध्यक्ष होते, माइक माझ्या हातात होता आणि कोमट पाण्यापासून उंबऱ्यावरच्या झोपेपर्यंत सगळी गोष्ट माझ्या जिभेवर तयार होती. सांगितली असती तर सभागृह रडलं असतं, हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगते. मी घंटीवर हात ठेवून गप्प बसले. तसं गप्प बसणं मला पूर्वी कधी जमलेलं नव्हतं.

बापूंना वाटलं, मुद्दा पटला. ते जरा रंगात आले.

"आन खरं सांगू का? आपल्यात आईबाची सेवा घरात हुत्या. ती बाहेरनं आनायची चीज न्हवं. आमच्याच घरात बगा. आई किती वर्सं हातरुनावर हाय. आमची मंडळी एकटी सगळं करत्या. हाय का काय तक्रार? इचारा तिलाच."

आणि त्यांनी हात केला तो मागच्या दाराकडे, जिथे मंगलवैनी पळी हातात घेऊन, पहिली पंगत कधी बसवायची हे विचारायला उभ्या होत्या. सगळं सभागृह वळलं. लोक हसत होते.

वैनींनी पळी पदराला पुसली.

"इचारतासा तर सांगतो," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं उचलत न्हाईत त्या. अक्कांची शांता येत्या दुपारच्याला. तुमी दुकानात असतासा तवा."

हसणं थांबलं. बापूंचा हात तसाच पुढे राहिला.

"कवापासनं?"

"तुमी कुस्त्या बगाय गेलतासा आन मी न्हानीत पडलो, तवापासनं."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलासा कवा? तालुकं पालथं घालून इचारतासा, तुमाला काय पायजे, तुमाला काय पायजे. आमच्या दारात काय तुमची जीप इचाराय थांबली न्हाय."

कुणीतरी खोकलं. वैनी आत जायला वळल्या आणि जाताजाता म्हणाल्या, "पांढरा निवाय लागलाय. उरका लवकर."

बापू हळूच खाली बसले. डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. मग अक्कांकडे वळले.

"अक्का, तुमाला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"आन मी हितं एवढा बोलतोय, एक घर दाखवा म्हनून, तरी गप बसलासा?"

"वैनीस्नी सबूद दिलता."

मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले, नदीकाठच्या गावचे, आणि खाली मान घालून म्हणाले, "आमच्यात बी हाय एक." त्यांच्या शेजारच्याने त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "आमच्यात दोन." तिसरा नुसताच उभा राहिला आणि बसला.

"लिव्हा," बापू विजयाला म्हणाले. "पयलं अक्कांचं काम. दुसरं होड्या. आन अक्कांला नावं इचारायची न्हाईत. कुनी बी."

"मग काम नीट चाललंय हे कळायचं कसं?" एका विश्वस्तांनी रास्त शंका काढली.

"बायका विचारतील," विजया म्हणाली. "पुढच्या फेरीला आम्ही देवळात बसणार नाही. प्रत्येक गावात दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसतील. फेटा न बांधता."

"आन म्याट?" तो तरुण दुखावल्या आवाजात म्हणाला.

"म्याटचं आपन तालमीतनं बगू," बापू म्हणाले. "म्होरं ये, मी देतो पयली वर्गनी. आता जेवा."

अध्यक्षीय समारोप माझ्या पर्समध्ये घडी घालून होता. तो तिथेच राहिला. पांढरा खरंच निवत होता.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी वैनींना भेटायला गेले. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, वर जाऊन बगा, गंमत हाय. वर कॉटपाशी बापू गुडघे टेकून बसले होते, बाह्या वर सरकवलेल्या. समोर शांता, शिडशिडीत, पंचविशीची.

"खांद्याखाली हात घाला बापू. असा न्हवं. दुसरा कमरेखाली. आता तुमच्याकडं वळवा, हळू. पट काढू नगा, कुस्ती न्हवं ही."

बापूंना घाम फुटला होता. आईने एक डोळा उघडून वर बघितलं.

"कोन हाय गं शांता?"

"तुमचा ल्योक हाय आजी."

"मग त्येला दुकानाला जाऊ दे. तुझा हात हलका हाय."

"जात न्हाय," बापू म्हणाले, आणि पुन्हा हात घातला.

वैनींना मी विचारलं, हे नागपूरला सांगू का. त्या म्हणाल्या, "सांगा की. नावं तेवढी बदला." ती मी बदलली आहेत.

परतीच्या गाडीत गूळ, चपला आणि पाठभर सही असलेली साडी होती. पुण्याला चढलेल्या एका कुटुंबाने कोल्हापुरात काय काय बघितलं विचारलं. पन्हाळा? नाही. रंकाळा? रिक्षातून. चार दिवस केलं काय मग? मी तोंड उघडलं, आणि जरा विचार करून त्यांना गूळ दिला. प्रवासात आपण नेहमी पाहुणे असतो. लोक आपल्याला ओसरीवर बसवतात, आपल्याला दाखवायला ठेवलेलं दाखवतात, आणि आपण ते लिहून घेऊन गाव बघितलं म्हणतो. माझ्या आजवरच्या किती प्रवासांत मी नुसत्या कमानीच बघून आले असेन, कोण जाणे.

घरी पोचल्यावर संध्याकाळी गुळाची ढेप घेऊन शेजारी मंदाताईंकडे गेले. त्यांच्या यजमानांना पक्षाघात होऊन बराच काळ झाला. मी दारातून नेहमी विचारते, तसंच विचारलं, "कसं चाललंय?"

"छान आहे सगळं," त्या नेहमीसारख्याच म्हणाल्या. "तू सांग, कोल्हापूर कसं झालं?"

"सांगते नंतर," मी म्हटलं, चपला काढल्या आणि आत स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले.